ताई, हे कोण वाचणार?

माझ्या प्रश्नावलीतल्या चौदा नंबरच्या विधानापाशी त्या मुलीने आधी 5 ला गोल केला. मग खोडरबराने तो पुसला आणि 3 ला केला. पुढची दोन-तीन विधानं भरली, परत मागे आली, 3 पुसला आणि 1 ला गोल केला. तोवर कागद त्या जागी इतका झिजला होता की मागच्या बाजूची अक्षरं दिसायला लागली होती. मग तिने हात वर केला. मी जवळ गेले तेव्हा अगदी हळू विचारलं, "ताई, हे कोण वाचणार?"

"फक्त मी. नाव लिहायचंच नाहीये, त्यामुळे कोणाचा कागद कुठला ते कळणारच नाही."

"पण तुम्ही आत्ता बघितलंत ना."

विधान होतं: 'मी हुशार आहे असं वर्गातल्या इतर मुलांना वाटावं, हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.' 1 म्हणजे अजिबात खरं नाही, 5 म्हणजे अगदी खरं.

मी पीएचडी करतेय ती शाळकरी मुलांच्या अभ्यासामागच्या ध्येयांवर. त्याआधी बारा वर्षं गणित शिकवलं. मूल किती वेळ अभ्यास करतं, त्याला गुण किती पडतात, हे मोजणं सोपं असतं. वही उघडताना त्याच्या मनात काय मिळवायचं असतं, हे मला शोधायचंय. पुस्तकी भाषेत याला संपादन-ध्येयं म्हणतात.

त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्या प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भरायला घेतल्या. झिजलेल्या जागेवरून तिचा कागद लगेच ओळखू आला. चौदाव्या रकान्यात 1 टाकला आणि हात थांबला. तो आकडा सांगत होता की या मुलीला इतरांच्या मताची काही पडलेली नाही. आणि इतरांच्या नजरेसाठी, निदान माझ्या एकटीच्या नजरेसाठी, तिने कागदाला भोक पडेपर्यंत खोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

या विषयात मी ओढली गेले ती एका जुन्या प्रयोगामुळे. 1978 मध्ये कॅरल डायनर आणि कॅरल ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी वरच्या प्राथमिक वर्गातल्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. पहिली आठ सुटणारी, नंतरची चार त्या वयाला न सुटणारी. आणि मुलांना सांगितलं, सोडवताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला. पहिल्या आठ कोड्यांत मुलांमध्ये काही फरक नव्हता. सगळी जवळजवळ सारख्याच चलाखीने सोडवत होती. हा मुद्दा मी शिक्षकांशी बोलताना दोनदा सांगते, कारण इथेच आपली गफलत होते. पुढे जी मुलं कोलमडली ती 'कच्ची' नव्हती.

अवघड कोडी सुरू झाल्यावर मात्र वर्ग दुभंगला. काही मुलं म्हणायला लागली, माझी स्मरणशक्तीच चांगली नाही, मला हे जमतच नाही. काही जण भलत्याच विषयावर बोलू लागली. थोड्या वेळापूर्वी ज्या युक्तीने उत्तर काढत होती ती युक्तीच त्यांनी सोडून दिली. बाकीची मुलं स्वतःलाच सूचना देत राहिली: सावकाश घे, पुन्हा बघ. त्यांना आपण हरतोय असं वाटतच नव्हतं. एकाने तर खुर्ची पुढे ओढली, हात चोळले आणि असं आव्हान आपल्याला आवडतं म्हणून सांगून टाकलं. दोघींनी 1980 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. नंतर विचारलं की तुमची किती कोडी सुटली, तर हात टेकलेली मुलं आपलं यश खरं होतं त्याहून कमी सांगत आणि अपयश जास्त. थोड्या वेळापूर्वी स्वतः सोडवलेली आठ कोडी त्यांच्या हिशेबात पुरती जमाच होत नव्हती.

कुवत सारखी असताना असं का होतं? ड्वेक आणि एलन लेगेट यांनी 1988 मध्ये जे उत्तर मांडलं ते असं: दोन्ही मुलं एकच कोडं सोडवत असली तरी त्यांचं काम वेगळं असतं. एकाला ते कोडं यायला हवं असतं. दुसऱ्याला आपण कोण आहोत हे त्या कोड्यावरून ठरणार असं वाटत असतं. जॉन निकोल्स आणि कॅरोल एम्स हेही त्याच दशकात आपापल्या वाटेने जवळपास इथेच पोचले. मराठी प्रबंधांत प्रभुत्व-ध्येय आणि कामगिरी-ध्येय असे शब्द वापरतात. मी शिक्षकांशी बोलताना साधं सांगते, एक येण्यासाठी, एक दिसण्यासाठी. येणं हे आपल्या भाषेतलं फार सुंदर क्रियापद आहे. मला पोहता येतं, मला गणित येतं. गोष्ट आपल्याकडे चालत येते आणि मग आपली होऊन राहते. मुलं हा शब्द अचूक वापरतात. "पाठ झालं" आणि "आलं" यातला फरक सहावीतलं कुठलंही मूल सांगेल.

पुढे दिसण्याच्या ध्येयातही आणखी एक रेघ आली. अँड्र्यू इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून दाखवायला सुरुवात केली की दिसण्यासाठी धडपडणाऱ्यांतही दोन जाती आहेत. एकाला पुढे दिसायचं असतं, दुसऱ्याला मागे दिसायचं नसतं. ऐकायला एकच वाटतं, पण वर्गात बसून बघा. पहिला हात वर करतो. दुसरा समोरच्याच्या पाठीआड सरकून बसतो. शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही याची जाहीर कबुली, असं त्या दुसऱ्याला वाटतं. त्यामुळे ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात कमी मागतो. "समजलं का सगळ्यांना?" या प्रश्नाला वर्गातून जो एकसुरी होकार येतो त्याच्यावर मी बारा वर्षं विश्वास ठेवला.

आता 'हुशार' या शब्दाकडे येते, कारण चौदा नंबरची सगळी भानगड त्या शब्दात आहे.

निकोल्स यांनी मुलांना लहान लहान फिल्म दाखवल्या. एक मूल मन लावून गणितं करतंय, दुसरं अधूनमधून टंगळमंगळ करतंय, शेवटी दोघांना गुण सारखेच. यातलं जास्त हुशार कोण? लहान मुलं बहुधा म्हणत, ज्याने मेहनत केली तो. वय वाढत जातं तसं उत्तर बदलत जातं, आणि बाराच्या सुमारास बहुतेकांना मोठ्या माणसांचं गणित कळतं: कमी मेहनतीत तेवढेच गुण, म्हणजे डोकं जास्त.

मी हा प्रश्न फिल्मशिवाय, नुसता तोंडी, दोन वर्गांत विचारून पाहिला. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "जो जास्त करतो तो हुशार. नाहीतर कसा होईल?" सातवीतला एक म्हणाला, "ज्याला न करताच येतं तो. बाकीचे अभ्यासू." अभ्यासू हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला तो अजून माझ्या कानात आहे. पाच वर्षांच्या अंतरात एक चांगला शब्द शिवी होऊन बसला होता.

एकदा हे समीकरण डोक्यात बसलं की मेहनत धोक्याची होते. मार्टिन कोव्हिंग्टन आणि कॅरोल ओमेलिक यांनी 1979 मध्येच मेहनतीला दुधारी तलवार म्हटलं होतं. नाही केली तर शिक्षक रागावणार. केली आणि तरीही जमलं नाही, तर मग डोकंच नाही असं सिद्ध होणार. या कात्रीत सापडलेलं मूल त्यातल्या त्यात सुरक्षित वाट काढतं. परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहून ऐका: "माझा काहीच अभ्यास झाला नाहीये." गुण कमी पडले तर कारण तयार, जास्त पडले तर कौतुक दुप्पट. अभ्यासकांनी याला स्वतःच्याच वाटेत अडसर घालणं असं नाव दिलंय. मुलांना नाव माहीत नसतं, हिशेब पक्का माहीत असतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पेपरात सोपी गणितं बरोबर सोडवायचा, आणि जिथे थोडी शंका आली तिथे जागा कोरी. अर्धवट पायरीसुद्धा नाही. पायऱ्यांना गुण असतात हे मी किती वेळा सांगितलं असेल. "निदान काहीतरी लिही ना रे!" तो मान हलवायचा आणि पुढच्या पेपरात पुन्हा कोरी जागा. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'प्रयत्न कमी पडतात' असं लिहिलं. एकदा नव्हे, तीन सत्रं सलग लिहिलं. आज मला ती कोरी जागा वेगळी दिसते. चुकीच्या उत्तरावर लाल फुली बसते. कोऱ्या जागेवर नुसती एक रेघ. फुली म्हणजे 'तुला येत नाही', रेघ म्हणजे 'तू लिहिलं नाहीस'. त्याने दोन्हीतलं कमी लागणारं निवडलं होतं, आणि त्यालाही प्रयत्न लागत होते. उत्तर अर्धं येत असताना पेन खाली ठेवून बसायला बळ लागतं.

आणि माझ्या वर्गात असं वाटण्यासारखं काय होतं, हेही लिहायला हवं. मी तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटायचे. सगळ्यात जास्त गुणांचा पेपर आधी, नाव मोठ्याने. त्यातून बाकीच्यांना हुरूप येईल असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्या पाच-सात नावांपर्यंत वर्गात उत्साह असायचा. पुढे आवाज कमी होत जायचा, आणि शेवटची मुलं नाव यायच्या आधीच उठून उभी राहायची, म्हणजे नाव पुकारायची वेळ येऊ नये. मी ते बघत होते. त्याचा अर्थ लावायला मला नोकरी सोडून अभ्यासाला बसावं लागलं.

रूथ बटलर यांचा 1988 चा इस्रायलमधला प्रयोग वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. पाचवी-सहावीतल्या 132 मुलांनी काही कामं केली. काहींना परत फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, म्हणजे काय चांगलं झालं आणि काय सुधारता येईल याचं एखादं वाक्य, आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची गोडी टिकली. फक्त गुण मिळालेल्यांत, ज्यांना कमी पडले त्यांची गोडी ओसरली. दोन्ही मिळालेल्यांचं काय व्हावं? माझा अंदाज होता, दुप्पट फायदा. प्रत्यक्षात ती मुलं गुणवाल्यांसारखीच वागली. गुण दिसला की शेऱ्याला काही अर्थ उरला नाही. मी रात्री अकरा-अकरापर्यंत बसून प्रत्येक पेपरावर समासात ओळी लिहायचे आणि वर कोपऱ्यात गोलात गुण टाकायचे. त्या ओळी कोणी वाचत नाही म्हणून मुलांवर चिडायचे.

म्हणून मला ध्येय हा मुलाचा स्वभाव मानणं पटत नाही. काही मुलं जात्याच तशी असतात, हे मी शिक्षकांच्या खोलीत फार ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. वर्ग दिवसभर मुलाशी बोलत असतो. पेपर कसे वाटले, फळ्यावर कोणाला बोलावलं, चूक झाल्यावर पुढचा अर्धा मिनिट काय घडलं, यातून तो सांगत असतो की इथे काय मोजलं जातं. मूल ते ऐकतं आणि त्याप्रमाणे ध्येय धरतं.

कौतुकसुद्धा बोलतं. 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सुटल्यावर एका वाक्याचं कौतुक केलं. काहींना, तू हुशार आहेस. काहींना, तू छान मेहनत केलीस. मग अवघड कोडी दिली, आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी. हुशार म्हटलेली मुलं पहिल्यापेक्षा खाली आली, मेहनतीचं कौतुक झालेली वर गेली. या सगळ्याच मुलांना दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी या कोड्यांबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या आणि आपले गुणही नोंदवायला सांगितले. हुशार म्हटलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. कधी भेटणारही नाही अशा मुलासाठी! एका वाक्याने एवढं ओझं होत असेल, तर वर्षानुवर्षं 'आमची हुशार मुलगी' ऐकत वाढलेल्यांचं काय होत असेल.

यावरून लगेच भिंतीवर 'मेहनत करा, मेंदू वाढतो' असे तक्ते लावून मोकळं व्हायची घाई मला मान्य नाही. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या 12,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर याच कल्पनेचा, तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा आजमावला. अभ्यासात मागे असलेल्यांची गुणसरासरी, जी तिथे साधारणपणे 4 पैकी मोजतात, ती सुमारे 0.1 ने वाढली. इतक्या कमी वेळाच्या मानाने हे थोडं नाही, पण जादू नक्कीच नाही. आणि जिथे सोबतच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती, तिथे फायदा जास्त दिसला. म्हणजे एकट्या मुलाचं मन वळवून भागत नाही. पुन्हा वर्गच.

तर माझं चौदावं विधान. माझी प्रश्नावली मिशिगन विद्यापीठात कॅरोल मिजली आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या मापनश्रेणींच्या, म्हणजे विधानांच्या तयार संचांच्या, धर्तीवर आहे. त्या श्रेणींत कामगिरी-ध्येय मोजणाऱ्या विधानांचा भर बराचसा 'दाखवण्यावर' आहे. इलियट यांच्या प्रश्नावलीत भर 'इतरांपेक्षा सरस असण्यावर' आहे. नाव दोघांचं एकच. क्रिस हलमन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 243 अभ्यास एकत्र करून तपासले, एकूण 91,087 जणांचे. सरस असण्याची विधानं असतील तर हे ध्येय आणि गुण यांचा संबंध थोडा सरळ निघतो, म्हणजे ध्येय जास्त तिथे गुणही थोडे जास्त, दिसण्याची विधानं असतील तर थोडा उलटा. हे वाचून माझ्या गाइड मला म्हणाल्या, "मग तू नक्की काय मोजतेयस?" मी उत्तर दिलं ते पुस्तकातलं होतं. माझं उत्तर नव्हतं.

मी ते विधान दोन विधानांत तोडलं. एक पुढे असण्याबद्दल, एक पुढे दिसण्याबद्दल. 'हुशार' शब्द काढून 'मला येतं' घातला. 'माझ्यासाठी महत्त्वाचं आहे' हेही काढलं, कारण 'महत्त्वाचं' म्हटलं की मुलांना ते चांगल्या सवयींच्या यादीतलं वाटतं. आणि ठरवलं की नुसते कागद वाटायचे नाहीत. काही मुलांसोबत एकेक विधान घेऊन बसायचं आणि ती मोठ्याने काय विचार करतात ते ऐकायचं, जसं डायनर आणि ड्वेक यांनी कोड्यांच्या वेळी ऐकलं होतं.

शाळेची आणि घरच्यांची परवानगी मिळाली त्या मुलांमध्ये ती होती. वाचनालयाच्या कोपऱ्यात आम्ही बसलो. मी मुद्दाम जुनंच चौदावं विधान आधी पुढे ठेवलं.

तिने ते वाचलं आणि म्हणाली, "हे मी खोडलं होतं."

"हो. तेव्हा काय वाटत होतं, सांगशील?"

"आधी खरं लिहिलं होतं. मग वाटलं, असं वाटणं काही चांगलं नाही ना. दुसऱ्यांना काय वाटतं ते बघायचं नसतं, असं सगळे सांगतात. म्हणून मधलं केलं. मग ते पण खोटं वाटलं."

"आणि 1?"

"तुम्ही मागे उभ्या होतात."

मी नवीन दोन विधानं तिच्यासमोर ठेवली. तिने पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, पेन्सिल उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली.

"गोल करू की नुसतं सांगू?"

"तुला हवं तसं."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मीही माझी वही मिटली. मग ती बोलायला लागली, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी बोलत होती.